कालव्यावरची विटेची कमान: पाडण्याआधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या मुडलगी-रायबाग पट्ट्यातल्या एका गावात घटप्रभा डाव्या कालव्याच्या जुन्या भागावर विटेच्या कमानीचा एका गाळ्याचा पूल आहे. अबटमेंट, म्हणजे कमानीचे दोन्ही टोकांचे आधार, दगडी; कमान तीन थरी विटेची; गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साधारण ६ मीटर. गाव एका काठाला आणि मळे दुसऱ्या काठाला, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळी ये-जा त्यावरूनच. कमानीच्या पोटात भेगा आल्यात, पांढरे ओघळ दिसतात, एका बाजूचा कठडा बाहेर कललाय. ठेकेदार सांगतो, खालून सिमेंटचा गिलावा करू आणि वरून स्लॅब ओतू. पंचायतीतले काही सदस्य म्हणतात, पाडा आणि पाईप टाकून मोरी करा. तुम्ही फोटो पाठवून विचारलंय, यातलं काय करावं?

आधी थेट उत्तर देतो. गिलावा करू नका आणि पाडायचा ठराव इतक्यात घेऊ नका. येत्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या त्या पुलावरून बंद करा. वरून आत मुरणारं पाणी थांबवा. कालवा कोरडा असेल तेव्हा कमानीखाली उतरून नीट तपासणी करून घ्या. पूल ठेवायचा की शेजारी नवीन बांधायचा हे त्या तपासणीवर ठरतं, फोटोवरून ठरवता येत नाही. फोटो बघून माझं मत एवढंच आहे की कमान वाचण्यासारखी दिसते. अबटमेंट कसे आहेत ते बघितल्याशिवाय कुणीही छातीठोक बोलू नये.

त्या कालव्याचं वय लक्षात घ्या. धुपदाळचा बंधारा आणि तिथून निघणारा सुमारे ७१ किलोमीटरचा डावा कालवा १८९७ सालचा, बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हाचा. धुपदाळला पाणी अडतं पण फारसं साठत नाही, म्हणजे नदीला पाणी तोवरच कालव्याला पाणी. १९७७ मध्ये हिडकलचं धरण पूर्ण झालं आणि पावसाळा सरल्यावरही कालव्याला भरवशाचं पाणी मिळायला लागलं. उसाचं रान फोफावलं ते त्या पाण्यावर. ज्या पुलावरून बैलगाड्या जायच्या तिथून भरलेल्या ट्रॉल्या जायला लागल्या, आणि पायाशी जी ओल काही महिने असायची ती वर्षाचा बराच काळ राहायला लागली. पुलाचं दुखणं तपासताना हे दोन्ही बदल डोक्यात ठेवावे लागतात.

विटेची कमान दाबावर उभी असते. दोन हातांच्या मध्ये पुस्तकांची चळत आडवी दाबून धरा आणि उचला. हात आवळलेले आहेत तोवर मधलं पुस्तक पडत नाही, हात जरा सैल सोडले की सगळी चळत खाली. कमानीत ते दोन हात म्हणजे अबटमेंट. वीट आणि चुना ताण सोसू शकत नाहीत, पण वरचा भराव, म्हणजे कमान आणि रस्ता यांच्यामधली माती, आणि कमानीचं स्वतःचं वजन त्यांना कायम दाबात ठेवतं, म्हणून ताणाची वेळच येत नाही. त्यामुळे भरावाकडे निव्वळ ओझं म्हणून बघू नका. पाईपलाईनसाठी पुलावर चर मारताना किंवा ‘रस्ता हलका करायला’ म्हणून एका बाजूचा भराव जेसीबीनं उकरला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच राहिला, तर धडधाकट कमानही बसू शकते. भराव काढायचाच झाला तर दोन्ही बाजूंनी सारखा, थराथरानं, खाली आधार देऊन.

‘विटेचं आहे, जुनं आहे, म्हणून कमकुवत’ हे गृहीत तर आधी काढून टाका. गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला, त्याला रुरकीजवळ सोलानी नदीवरून नेणाऱ्या जलसेतूला ५० फुटांच्या १५ कमानी आहेत, त्याही विटेच्या. इंग्लंडात मेडनहेडला ब्रुनेल या इंजिनिअरनं बांधलेल्या रेल्वे पुलाच्या विटेच्या कमानी एकेक १२८ फुटांच्या आहेत. १८३९ पासून त्यावरून गाड्या धावतात. तुमचा गाळा २० फुटांचा. वीट थकलेली नाही. तिच्या दरजांतला, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतला, चुना वाहून गेला की काय आणि तिला धरणारे हात हलले की काय, हे बघायचं आहे.

आता भेगा. सगळ्या भेगा सारख्या नसतात आणि इथं घाईनं मत दिलं की पुढचा सगळा खर्च चुकीच्या जागी जातो. कमानीच्या पोटात, कडेपासून हात-दीड हात आत, रस्त्याच्या दिशेनं सरळ जाणारी भेग असेल तर बहुधा बाजूची भिंत भरावाच्या रेट्यानं बाहेर सरकून कमानीपासून सुटतेय. तुमचा कललेला कठडा याच गोष्टीकडे बोट दाखवतो. ही भेग दिसायला भीतीदायक, पण तिच्यावर इलाज आहे: आरपार लोखंडी सळया (टाय रॉड) घालून दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेरून जाड लोखंडी चकत्यांनी धरायच्या, आणि मुख्य म्हणजे भरावात साचणारं पाणी काढायचं. सुकलेली माती फार ढकलत नाही, भिजलेली माती ढकलते.

रस्त्याला आडवी, म्हणजे एका कठड्याकडून दुसऱ्या कठड्याकडे जाणारी भेग माथ्याजवळ किंवा गाळ्याच्या चौथाईवर असेल, तर तिथं कमान बिजागरीसारखी उघडायला लागली आहे. कमान पडते ती अशा चार बिजागऱ्या तयार झाल्यावर. एक-दोन दिसल्या म्हणून पूल आज पडणार असं होत नाही, पण भरलेल्या गाड्या तेव्हाच थांबल्या पाहिजेत. आणि अबटमेंटच्या कोपऱ्यातून निघून तिरपी माथ्याकडे चढणारी भेग सगळ्यात वाईट, कारण पाया एका टोकाला खचल्याचं ती सांगते. तुमच्या फोटोंत मला पहिल्या जातीची भेग स्पष्ट दिसते. माथ्याजवळ एक आडवी रेष आहे, ती भेग आहे की गिलाव्याचा जुना पट्टा सुटलाय ते कळत नाही. तिथं शिडी लावून बघा.

सोबत छोटा हातोडा घ्या आणि कमानीचं पोट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या हातानं वाजवत जा. घट्ट वीट खणखणीत वाजते. जिथं ‘बद्द’ असा पोकळ आवाज येतो तिथं खालचा थर वरच्या थरापासून सुटलेला असतो. तीन थरी कमानीतलं हे नेहमीचं दुखणं आहे, कारण थर एकमेकांत विटांनी गुंफलेले नसतात, मधल्या चुन्यावरच त्यांची जोड असते. पोकळ वाजणाऱ्या जागा खडूनं घेरून फोटो काढा. इंजिनिअरला हा एक फोटो बाकीच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग टेप. कमानीचा चढ, म्हणजे कमान जिथून सुरू होते त्या पातळीपासूनची उंची, माथ्यावर मोजा आणि गाळ्याच्या दोन्ही चौथाईंवर मोजा. माथ्यावर १.५ मीटर असेल तर चौथाईवर साधारण १.१ ते १.२ मीटर यायला हवा, आणि दोन्ही चौथाई सारख्या. माथा दबलेला असेल आणि चौथाया फुगलेल्या असतील तर अबटमेंट एकमेकांपासून दूर सरकले आहेत. एकच चौथाई बसली असेल तर त्या बाजूला शोध घ्या.

भेग चालू आहे की जुनी, थांबलेली आहे, हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल सुरू आहे. पण आपल्या भागात एक गोष्ट सांभाळा: पाया काळवट रानात असेल तर माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, भेगही तसतशी उघडते आणि मिटते. एप्रिलमध्ये काच तडकली म्हणून घाबरून जाऊ नका आणि श्रावणात भेग मिटली म्हणून निश्चिंतही होऊ नका. वर्षभराची नोंद हवी. दर वर्षी ती पूर्वीपेक्षा थोडी जास्त उघडी राहत असेल तर मात्र पाया चालला आहे.

पांढरे ओघळ म्हणजे दरजांतला चुना पाण्याबरोबर उतरतोय. ते पाणी कालव्याचं नसतं, वरून येतं. डांबराचे थर चढत गेले की पूर्वीच्या पाणी जायच्या वाटा आणि कठड्यातली भोकं बुजतात. रस्त्याचं पाणी माथ्यावर थांबतं आणि भरावात मुरतं. कधी पुलावरून गेलेली नळाची पाईपच आत गळत असते, तर ते आधी तपासा: नळ बंद ठेवून दोन-तीन दिवस ओघळ सुकतात का बघा. ही एक गोष्ट नीट केलीत, म्हणजे माथ्यावर थोडा उंचवटा, दोन्ही कडांना उतार, भोकं मोकळी, गळकी पाईप बाहेरून वेगळ्या आधारावर, तर पुलाचं निम्मं दुखणं थांबतं. खर्चही फार येत नाही. पुलावर गतिरोधक असेल तर तो काढून पुलाच्या अलीकडे न्या. भरलेलं चाक त्यावरून आदळतं तेव्हा थेट माथ्यावर धक्का बसतो.

सिमेंटच्या गिलाव्याला माझा विरोध का आहे ते सांगतो. गिलाव्यानं कमानीची ताकद वाढत नाही. त्यानं भेगा झाकल्या जातात, म्हणजे पुढची हालचाल दिसायची बंद होते. आणि वरून उतरणारं पाणी, जे आत्ता दरजांतून बाहेर पडतंय, ते सिमेंटच्या मागे अडकतं. जुन्या भट्टीची वीट चौरस मिलीमीटरला ३.५ ते ७.५ न्यूटनच्या ताकदीची असली तर १:३ सिमेंटचा मसाला १० च्या आसपास जातो. दरज विटेपेक्षा कडक झाली की ओल आणि क्षार विटेतून वाट काढतात, विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटतो आणि काही वर्षांनी दरजेची सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि वीट आत गेलेली दिसते. अशा भिंती बेळगाव कॅन्टोन्मेंटपासून गोकाकपर्यंत कुठंही बघायला मिळतील. वरून स्लॅब हा वेगळा विषय आहे. कमानीच्या पाठीवर काँक्रीटचं खोगीर घालून ताकद वाढवण्याची रीत आहे, पण त्यासाठी भराव काढावा लागतो, हिशेब लागतो आणि एकदा केलं की मागे फिरता येत नाही. नुसता रस्त्यावर ओतलेला स्लॅब म्हणजे वजन वाढवणं.

भाराचा अंदाज कसा करतात ते दाखवतो, म्हणजे ट्रॉल्यांबद्दल मी एवढा आग्रह का धरतो ते कळेल. मेक्सी नावाची एक जुनी रीत आहे, ब्रिटिश लष्करी इंजिनिअरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वापरात आणलेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ३७ या मार्गदर्शिकेतही कमानींसाठी त्याच धर्तीचा हिशेब आहे. कमानीची जाडी आणि माथ्यावरचा भराव यांची मीटरमध्ये बेरीज करायची, तिचा वर्ग ७४० नं गुणायचा आणि गाळ्याच्या १.३ घातानं भागायचं. तुमच्याकडे तीन थर म्हणजे साडेतेरा इंच, ०.३४ मीटर. भराव ०.४५ धरला आणि गाळा ६ मीटर, तर उत्तर सुमारे ४५ टन येतं. ऐकायला भरपूर, पण हा आकडा निर्दोष कमानीचा. मग त्याला वीट-भरावाचा दर्जा, दरजांची अवस्था आणि भेगा यांचे गुणक लागतात. तुमच्या फोटोंवरून मी सरासरी धरले तर पाव हिस्सा उरतो, म्हणजे एका आसाला (अ‍ॅक्सलला) जेमतेम सव्वाअकरा टन. खालचा थर सुटलेला निघाला तर जाडी ०.२३ धरावी लागते आणि तोच हिशेब ८-साडेआठ टनांवर येतो. शिवाय छोट्या गाळ्यांना ही रीत जरा उदारच पडते. म्हणून हे आकडे फलकावर लिहायचे नाहीत, दिशा कळायला वापरायचे.

आता समोरची बाजू. चार टायरच्या एका आसाला २०१८ पासून कायद्यानं ११.५ टन चालतं. एका ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस, वर ट्रॉलीचं वजन. ट्रॉली एकाच आसाची असेल तर जवळजवळ सगळा भार त्या आसावर. मागून तशीच दुसरी ट्रॉली. हंगामात हे रात्रंदिवस चालतं. जुन्या पुलाला एखाद्या जड गाडीनं फारसं होत नाही. सुटलेल्या थरावरून तोच भार पुन्हा पुन्हा गेला की दरजा पिठासारख्या होतात.

पायाबद्दल एक धोका मला कमानीच्या भेगांपेक्षा मोठा वाटतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला, ते सगळ्यांना आठवतं. नदीवरचा कमानीचा पूल जातो तेव्हा बहुतेकदा पाण्यानं आधी पायाखालची माती नेलेली असते. कालव्याला नदीसारखा वेग नसतो, पण कालव्यात ते काम गाळ काढणारं मशीन करतं. पुलाखाली तळाला दगडी फरशी बसवलेली असते; ती दोन्ही अबटमेंटना तळाशी एकमेकांपासून अंतरावर धरून ठेवते आणि पाया उघडा पडू देत नाही. मशीनचा बकेट गाळाबरोबर ती फरशीही उचलून काठावर टाकतो. तुमच्या पुलाजवळ काठावर घडीव दगड पडलेले असतील तर ते कुठून आले ते शोधा. कालवा कोरडा पडल्यावर पायाशी कुदळीनं हातभर खणून फरशी आहे का, पायाचा खालचा कड दिसतो का, बघा. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात तिथं कालव्याचा काठ फुटला होता का, हेही गावातल्या जाणत्यांना विचारून लिहून ठेवा.

दुरुस्ती चुन्यातच करा. हे काम ऊस संपल्यावर आणि पाऊस येण्याआधी, कालव्याची पाळी बंद असताना बसवा. दरजा हातछिन्नीनं इंचभर खोल मोकळ्या करायच्या. कटर मशीन लावलं की विटेच्या कडा जातात. धूळ काढून, पाणी मारून, चांगला मुरलेला चुना, वाळू आणि सुरखी यांचा मसाला दाबून भरायचा. १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू इथून सुरुवात करून नमुना लावून बघा. सुरखी नीट भाजलेल्या विटेची नको, जरा कच्च्या भाजणीच्या विटेची बारीक पूड चांगली धरते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत चुना सुकून भुगा होतो, म्हणून भिजवलेलं गोणपाट दोन आठवडे तरी लावून ठेवायलाच हवं. इथं कंटाळा केला तर सगळी मेहनत वाया जाते. चुन्याचा हात असलेला गवंडी मिळवा, मंदिरांची कामं करणाऱ्यांत अजून सापडतात. गेलेल्या विटांच्या जागी ९ बाय साडेचार बाय ३ इंचांचीच वीट बसली पाहिजे. बाजारात ते माप मिळालं नाही तर खानापूरकडच्या भट्ट्यांवर विचारा, थोड्या विटा मुद्दाम पाडून घेता येतील. सुटलेल्या थरांत चुन्याचं पातळ मिश्रण (ग्राउट) भरता येतं, पण खालून वर आणि अगदी कमी दाबानं. जोरानं पंप मारला की सुटलेला थर खाली येतो, माणसं खाली असतात.

तपासणीत अबटमेंट खरोखर सरकलेले निघाले, तिरपी भेग निघाली, तर मी दुरुस्तीचा हट्ट धरणार नाही. मग जड वाहनांसाठी वरच्या किंवा खालच्या अंगाला थोडं अंतर सोडून नवीन पूल मागा आणि जुना पायी, सायकली आणि जनावरांसाठी ठेवा. पाईप मोरी मात्र मुख्य कालव्यावर मान्य करू नका. पाईप कालव्याची वाट अडवतात, त्यांत केरकचरा आणि जलपर्णी अडकते, वरच्या बाजूला पाणी तुंबून काठ भिजतो आणि खालच्या शेतकऱ्यांचं पाणी कमी होतं. पुलाच्या भांडणातून पाण्याचं भांडण उभं राहील.

कागदाचं काम असं. कालवा कर्नाटक सरकारच्या पाटबंधारे महामंडळाकडे, म्हणजे नीरावरी निगमकडे, वरचा रस्ता पंचायतीकडे किंवा पीडब्ल्यूडीकडे. आधी पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) रस्ता कुणाच्या नोंदीत आहे ते लेखी घ्या, आणि अर्ज दोन्हीकडे एकाच दिवशी द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, गावात वाचून दाखवायला मराठी प्रत ठेवा. मागणीत ‘पूल दुरुस्त करा’ असं मोघम लिहू नका. ‘कमानीच्या पुलांचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी, तोवर आसाच्या भारावर मर्यादा, आणि पुलाखाली यंत्रानं गाळ काढण्यास मनाई’ अशा तीन मागण्या स्पष्ट लिहा. खडूच्या खुणांचे फोटो आणि चढाची मापं जोडा.

ट्रॉल्या थांबवायला नुसता फलक पुरत नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाला हंगामाआधी पत्र द्या आणि स्लिपबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, सांगून त्या रानांची वाहतूक दुसऱ्या पुलावरून लावून घ्या. तोडणीचा क्रम ठरण्याआधी हे झालं तर कुणाची अडचण होत नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना ३ मीटर उंचीची लोखंडी आडवी कमान बसवायला रस्ताधारक खात्याची परवानगी मागा. रिकामी ट्रॉली, दुधाचा टेम्पो, रुग्णवाहिका तिच्याखालून जातात, उसानं रचलेली ट्रॉली अडते. शाळेची बस त्या वाटेनं येत असेल तर आधी तिची उंची मोजून घ्या आणि मगच आडवी कमान किती उंच ते ठरवा.